कुंपणाची राखण

२०१९च्या दिवाळीनंतर माझ्या आत्याला आमवाताचे निदान झाले. सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नसे, मनगटे सुजून गरम होत, कुकरचे झाकण लावायला शेजारच्या मुलीला हाक मारावी लागे. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिले. आठवड्यातून एकदाच घ्यायचे, दर सोमवारी. याने काय होणार, असे आत्याने विचारले. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "आजी, तुमची प्रतिकारशक्ती थोडी खाली आणायची आहे." आत्या घरी आली ती फणफणतच. "अख्खं जग प्रतिकारशक्ती वाढवायला पैसे मोजतंय, आणि हा बाबा ती कमी करायची फी घेतो!"

चार-पाच महिन्यांत कोरोना आला. समोरच्या काकू रोज सकाळी स्टीलच्या पेल्यात गुळवेलीचा काढा आणून देऊ लागल्या. आत्या सोमवारी गोळी घेई आणि सातही दिवस काढा घेई. एक उतरवायला, एक चढवायला. दोन्ही मनापासून. पुढे रक्ततपासणीत यकृताचे आकडे बिघडलेले दिसले तेव्हा डॉक्टरांनी खोदून विचारले आणि पेला बाहेर आला. (त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटल्यावर जे दिसते, त्याच्याशी ही इजा मिळतीजुळती होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष फेटाळला. सहा रुग्णांवरून एखाद्या वेलीला फासावर देता येत नाही हे खरेच. पण डॉक्टरांना काळजी कशाची वाटली ते यावरून कळते.)

आत्याचे चुकले असे मला वाटत नाही. चुकला तो शब्द. 'रोगप्रतिकारशक्ती'. यात प्रतिकार आहे आणि शक्ती आहे. शक्ती कमी असली तर वाढवायची असते आणि जास्त असली तर चांगलेच असते. शक्ती फार झाली म्हणून दवाखान्यात गेलेला माणूस कोणी पाहिला आहे? च्यवनप्राशच्या बरणीपासून लहान मुलांच्या चॉकलेटी पावडरीपर्यंत सगळी जाहिरात या एका शब्दावर उभी आहे. आपल्याकडे तो इंग्रजीतून आला, पण इंग्रजीतल्या मूळ शब्दात शक्तीचा मागमूस नाही. इम्युनिटी ज्यातून निघाला तो लॅटिन शब्द इम्युनिस. कर आणि सरकारी सेवा ज्याला माफ, तो रोमन माणूस इम्युनिस. आपल्या इतिहासात त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे इनामदार, ज्याच्या जमिनीचा सारा माफ. एकदा देवी येऊन गेलेल्याला पुन्हा देवी होत नाहीत, म्हणजे त्या रोगाचा सारा त्याला माफ झाला. एवढाच अर्थ. ढाल, तलवार, सैन्य हे सगळे एकोणिसाव्या शतकात जंतू दिसल्यावर आत शिरले, आणि मराठीने तो शब्द घेतला तेव्हा सैन्यासकटच घेतला.

या व्यवस्थेचे अवघड काम मारणे हे नाही. मारणे सोपे आहे, ते एकपेशीय अमीबालाही जमते. अवघड काम आहे हात आवरणे. ही गोष्ट विज्ञानाला इतक्या उशिरा कळली याचे एक कारण असे, की वैज्ञानिकांच्याही डोक्यात तेच सैन्य होते. हे नीट पाहायचे तर एका जपानी संशोधकाची चाळीस-पंचेचाळीस वर्षे पाहावी लागतात. त्यांचे नाव शिमोन साकागुची.

कुंपणच शेत खायला लागले तर दाद कुणाकडे मागायची, असे आपण म्हणतो. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला. शरीरात परक्याला ओळखून नष्ट करणारी यंत्रणा आहे, तर ती स्वतःच्या शरीराला का खात नाही? एर्लिखने उत्तरापेक्षा एक दणदणीत लॅटिन नावच दिले, 'हॉरर ऑटोटॉक्सिकस', म्हणजे स्वतःला विष देण्याची भीती. शरीराला असे करण्याची धास्ती वाटते, म्हणून ते करत नाही. पुढची पन्नास वर्षे बऱ्याच लोकांनी याचा अर्थ 'असे होऊच शकत नाही' असा घेतला.

मग हळूहळू एक देखणी गोष्ट तयार झाली. छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. वयात आल्यावर ती आक्रसत जाते, म्हणून मराठी परिभाषाकारांनी तिला यौवनलोपी ग्रंथी असे फारच सुंदर नाव दिले आहे. १९६१मध्ये जॅक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकली, तेव्हा ते उंदीर खंगले आणि परकी कातडी अंगावर लावली तरी ती झिडकारू शकेनात. पुढे कळले की टी-पेशी इथे घडतात. प्रत्येक टी-पेशी जनुकांचे तुकडे सोंगट्यांसारखे उलटसुलट जुळवून स्वतःचा ग्राहक बनवते, म्हणजे कोणत्या रेणूला ओळखायचे ते जवळजवळ दैवावर सोडलेले असते. अशा लाखो आंधळ्या बाणांपैकी काहींचे तोंड आपल्याच शरीराकडे असणार. थायमस अशा पेशी हुडकून तिथेच मारते, आणि परीक्षा पास झालेल्याच बाहेर पडतात. ही गोष्ट खरी आहे, आजही पाठ्यपुस्तकात आहे. तिच्यात खोट एवढीच होती, की ती पुरी वाटत होती. गुन्हेगार जन्मतःच संपवले, आता बाहेर सगळे सज्जनच उरले. मग पोलिसांची गरज काय?

साकागुची १९५१मध्ये जपानच्या शिगा प्रांतातल्या नागाहामा इथे जन्मले. क्योतो विद्यापीठातून १९७६ साली डॉक्टर झाले. तिथेच पुढचे संशोधन सुरू केले, आणि मग नागोयातल्या कर्करोग संशोधन संस्थेतल्या एका प्रयोगाविषयी वाचून क्योतोतले शिक्षण अर्धवट सोडून ते तिकडे गेले. आपल्याकडच्या कोणत्याही वडिलांना हे सांगून पाहावे! क्योतोसारखे विद्यापीठ सोडून कुठे चाललास, तर उंदरांच्या अंडाशयांकडे.

त्या प्रयोगात खरोखरच वेड लावण्यासारखे काहीतरी होते. १९६९मध्ये यासुआकी निशिझुका आणि तेरुयो साकाकुरा यांनी उंदरांची थायमस काढली. मिलर यांनी तेच केले होते, फरक दिवसांचा होता. मिलर यांची शस्त्रक्रिया जन्मल्याबरोबरची, यांची तिसऱ्या दिवशीची. हे उंदीर खंगले नाहीत. त्यांच्या माद्यांची अंडाशये मात्र नष्ट झाली. निशिझुका हार्मोनांच्या अंगाने विचार करत होते, कारण कर्करोगाच्या संस्थेत तो विचार स्वाभाविक होता. पण पुढे तशाच उंदरांत जठर, थायरॉइड अशा इतर अवयवांनाही सूज दिसू लागली, आणि ती सूज आणणाऱ्या होत्या त्यांच्याच प्रतिकारव्यवस्थेच्या पेशी.

हे उलटे आहे. पोलीस ठाणे बंद केले तर चोऱ्या वाढाव्यात. इथे पोलीस ठाणे तिसऱ्या दिवशी बंद केल्यावर आधी बाहेर पडलेले पोलीसच घरे लुटायला लागले. मग साकागुचींनी एक साधी गोष्ट केली. त्याच जातीच्या, धडधाकट, वयात आलेल्या उंदराच्या टी-पेशी काढल्या आणि तिसऱ्या दिवशी थायमस गमावलेल्या पिल्लांना टोचल्या. आजार झाला नाही.

इथे थोडे थांबावेसे वाटते, कारण पुढची सगळी वर्षे या एका निरीक्षणाचे व्याज आहेत. धडधाकट उंदराच्या रक्तात अशा काही टी-पेशी असल्याच पाहिजेत ज्या इतरांना आवरतात, आणि त्या थायमसमधून थोड्या उशिरा बाहेर येत असल्या पाहिजेत. तिसऱ्या दिवसाआधी निघतात ते शिपाई, नंतर निघतात ते त्यांचे राखणदार. म्हणजे निरोगी शरीरातही कुंपण शेत खाण्याच्या तयारीतच असते. थायमसची परीक्षा सगळ्यांना पकडत नाही. परीक्षेतून सुटलेले गुन्हेगार माझ्या-तुमच्या अंगात आत्ता फिरत आहेत. ते गप्प आहेत, कारण त्यांच्या शेजारी कोणीतरी उभे आहे. आरोग्य म्हणजे शत्रूचा अभाव असे जे आपण धरून चालतो, ते इथे कोसळते. आरोग्य ही रोजची, तासातासाची राखण निघते.

साकागुचींचे हे पहिले निबंध १९८२मध्ये छापून आले. वेळ याहून वाईट असू शकली नसती.

आवरणाऱ्या पेशींची कल्पना त्यांची एकट्याची नव्हती. येल विद्यापीठातले रिचर्ड गेर्शन यांनी १९७०च्या सुमारास 'सप्रेसर' टी-पेशींची कल्पना मांडली होती आणि सत्तरच्या दशकात ती प्रचंड गाजली. प्रयोगशाळा तिच्यावर उभ्या राहिल्या. एका सप्रेसर पेशीला चालना देणारी दुसरी, तिला रोखणारी तिसरी, त्यांच्यात निरोप नेणारे अदृश्य घटक, अशी साखळी लांबतच गेली. या पेशी ओळखण्याची खूण म्हणून आय-जे नावाचा रेणू सांगितला जाई, आणि त्याचे जनुक उंदराच्या गुणसूत्रावर दोन ठरावीक जनुकांच्या मध्ये आहे असे मानले जाई. १९८३च्या आसपास त्या भागाचे डीएनए थेट तपासता आले. त्या दोन जनुकांच्या मध्ये पाहिले तर तिथे आय-जे नव्हता. त्याला तिथे जागाच नव्हती. गेर्शन त्याच वर्षी वारले.

पुढे जे झाले त्याला मी शास्त्राचा ऑटोइम्युन आजार, म्हणजे स्वतःवरच उलटलेला हल्ला, म्हणेन. एका खोट्या रेणूवर सुरू झालेला हल्ला त्याच्या आसपासच्या निरोगी उतींवरही गेला. आय-जे खोटा होता. म्हणून सप्रेसर पेशी खोट्या, म्हणून आवरणाऱ्या पेशींची कल्पनाच खोटी, म्हणून 'सप्रेसर' हा शब्द उच्चारणारा माणूस बावळट. विज्ञानाला शंकेखोरपणा लागतो, तीच त्याची प्रतिकारव्यवस्था. पण या व्यवस्थेलाही आवर घालणारे कोणी हवे असते, हे विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात फारसे शिकवले जात नाही. कठोर परीक्षण म्हणजे चांगले, अधिक कठोर म्हणजे अधिक चांगले, असाच आपला समज. म्हणजे पुन्हा तीच काकूंची समजूत, पेला तेवढा वेगळा.

साकागुची अमेरिकेत गेले. जॉन्स हॉपकिन्स, स्टॅनफर्ड, मग ला होयाची स्क्रिप्स संस्था. विषय तोच. हे कसे परवडले? तर त्यांना ल्युसिल मार्की न्यासाची सुमारे आठ वर्षे चालणारी मदत मिळाली होती. ल्युसिल मार्की या केंटकीतल्या कॅल्युमेट फार्म या शर्यतीच्या घोड्यांच्या प्रसिद्ध तबेल्याच्या मालकीण. त्यांच्या मृत्यूनंतर संपत्ती वैद्यक संशोधनाला गेली, आणि ठरावीक वर्षांत सगळा पैसा खर्च करून न्यास बंद करायचा अशी व्यवस्था होती. १९९७मध्ये तो बंद झालाही. लगामाचा शोध घोड्यांच्या पैशावर लागला, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

या आठ वर्षांचा मुद्दा गंमतीपुरता नाही. आपल्याकडे संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पाच वर्षे चालते, प्रकल्प बहुधा तीन वर्षांचा असतो, आणि दर मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र भरताना यंदा किती निबंध छापून आले हा रकाना वाट पाहत असतो. या चौकटीत आय-जेची साखळी अगदी छान बसते. दर वर्षी एक नवा घटक, दर वर्षी तीन निबंध. साकागुचींचे काम बसत नाही. १९८५मध्ये त्यांनी दाखवले की धडधाकट उंदराच्या टी-पेशींतून विशिष्ट गट वगळून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या बिनकेसांच्या उंदरांना दिल्या तर त्या उंदरांना ऑटोइम्युन आजार होतात. पण वगळलेल्या गटात नेमके कोण होते ते सांगता येत नव्हते. त्या पेशींना बाहेरून ओळखता येईल अशी पक्की खूण मिळायला आणखी दहा वर्षे गेली. १९९५. दहा वर्षे एकाच प्रश्नावर, प्रश्न असा की ज्याला धंद्यातले लोक थडगे समजत.

ही खूण म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचा सीडी२५ हा रेणू. सहायक टी-पेशींपैकी पाच ते दहा टक्के पेशींवर तो आरामात असतानाही भरपूर असतो. १९९५च्या निबंधात साकागुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी (त्यांत त्यांच्या पत्नी नोरिको साकागुचीही होत्या) दाखवले की या पेशी वगळल्या तर जठर, थायरॉइड, अंडाशय अशा अनेक अवयवांवर एकदमच हल्ला होतो, आणि वगळलेल्या पेशी परत दिल्या तर तो होत नाही. सीडी२५ हा इंटरल्युकिन-२ या रेणूचा ग्राहक आहे. इंटरल्युकिन-२ म्हणजे टी-पेशींचे टॉनिक, अशी त्याची ख्याती होती. पण ज्या उंदरांत ते बनतच नाही ते उंदीर दुबळे होण्याऐवजी ऑटोइम्युन आजाराने मरतात, हे नव्वदच्या सुरुवातीला कोणालाच नीट समजत नव्हते. उत्तर आता समोर होते. टॉनिकची सर्वांत जास्त गरज राखणदारांनाच होती. टॉनिक बंद केले की आधी लगाम सुटतो.

इथे चिकाटीचा धडा काढण्याचा मोह होईल. मला तो मान्य नाही. आय-जेवाल्यांकडेही चिकाटी होती, कदाचित जास्तच. दहा वर्षे चुकीच्या गोष्टीला धरून बसलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही, एवढाच फरक. साकागुचींच्या कामात वेगळे काय होते, तर ते दरवेळी आजारापासून सुरुवात करत. अंडाशय गेले का, जठर सुजले का, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसे. पेशी दिल्या तर आजार थांबतो, काढल्या तर होतो. सप्रेसरवाल्यांचे घटक परीक्षानळीतल्या पाण्यात होते आणि एका प्रयोगशाळेतले दुसरीत सापडतील याची खात्री नसे. साकागुचींनी शेवटी अशी खूण दिली की जी वापरून जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत दोन दिवसांत ती पेशी वेगळी काढता येई. शंका घेणाऱ्यांना त्यांनी पटवले नाही, वापरायला हत्यार दिले. अमेरिकेत काही नावाजलेल्या शंकेखोरांनी ते वापरून पाहिले, आणि तसेच निघाले. नावही बदलले होते. सप्रेसर हा शब्द जाऊन 'रेग्युलेटरी' आला, मराठीत नियामक टी-पेशी. दमन करणारे आणि नियमन करणारे, पेशी त्याच. शब्दांचे राजकारण प्रयोगशाळेतही असते.

उरलेली अर्धी गोष्ट दुसरीकडेच घडली, आणि ती एकट्या तपस्व्याच्या कथेत बसत नाही म्हणूनच सांगायला हवी. चाळीसच्या दशकात अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओक रिज इथे, अणुबॉम्बच्या प्रकल्पाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत, शास्त्रज्ञ किरणोत्साराचा उंदरांवरचा परिणाम अभ्यासत होते. तिथे आपोआपच काही विचित्र नर पिल्ले जन्मली. कातडी खवल्यांची, प्लीहा आणि लसीका ग्रंथी फुगलेल्या, आयुष्य काही आठवड्यांचे. त्यांना 'स्कर्फी' म्हणू लागले. दोष एक्स गुणसूत्रावर होता, म्हणून माद्या वाचत. नव्वदच्या दशकात सिएटलजवळ बॉथेल इथल्या एका औषध कंपनीत मेरी ब्रुंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ते जनुक शोधायला घेतले. तेव्हा मानवी जीनोमही पुरा वाचलेला नव्हता. शोध पाच लाख अक्षरांच्या पट्ट्यापर्यंत आणला, त्यात वीस जनुके निघाली, ती एकेक तपासली, आणि दोष निघाला विसाव्यात. हरवलेली किल्ली शेवटच्या खिशात सापडते तसे. (अर्थात सापडल्यावर पुढचे खिसे कोण तपासतो?) जनुकाचे नाव फॉक्सपी३. २००१मध्ये हेही दिसले की माणसाच्या बाळांत, मुलग्यांत, आयपेक्स नावाचा जो दुर्मीळ आजार होतो, तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब, त्यातही हेच जनुक बिघडलेले असते. २००३मध्ये साकागुचींच्या गटाने आणि अलेक्झांडर रुदेन्स्की यांच्या गटाने दाखवले की नियामक टी-पेशींना नियामक बनवते ते हेच जनुक. दोन वाटा एका चौकात भेटल्या. २०१७मध्ये स्वीडनचा क्राफूर्द पुरस्कार साकागुची, रॅम्सडेल आणि रुदेन्स्की यांना मिळाला. २०२५मध्ये याच कामाला वैद्यकाचे नोबेल मिळाले, त्यात साकागुची आणि रॅम्सडेल यांच्याबरोबर रुदेन्स्की नाहीत, ब्रुंकाव आहेत. तिघांचीच मर्यादा असल्यावर कोणीतरी बाहेर राहतेच, आणि माझ्या मते रुदेन्स्की बाहेर राहायला नको होते. पण क्राफूर्दमध्ये ब्रुंकाव राहिल्या होत्या, तेही बरे नव्हते.

आता जो आक्षेप येईल तो रास्त आहे. आवर घालणे एवढे चांगले, तर मग जितका आवर तितके बरे का? नाही. कर्करोगाची गाठ या राखणदारांना आपल्याभोवती गोळा करते आणि त्यांच्या आडोशाला वाढते. साकागुचींनीच १९९९मध्ये दाखवले होते की उंदरांतून सीडी२५वाल्या पेशी कमी केल्या तर गाठी शरीर झिडकारू लागते. गेल्या पंधरा वर्षांत आलेली कर्करोगावरची इम्युनोथेरपी बहुतांशी ब्रेक सोडवण्याचीच युक्ती आहे. तिची किंमत रुग्ण मोजतो ती थायरॉइडच्या, आतड्याच्या सुजेने, क्वचित मधुमेहाने. निशिझुकांच्या उंदरांशी आणि आयपेक्सच्या बाळांशी ही यादी किती जुळते ते पाहा. यात एक गोष्ट मुंबईची आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉक्टरांनी डोके-मान भागाच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे महागडे औषध तीन आठवड्यांतून एकदा फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, इतर स्वस्त गोळ्यांबरोबर दिले. २०२२मध्ये छापून आलेल्या निकालानुसार वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तंबाखूने गिळलेल्या आपल्या तोंडांच्या देशात हा प्रयोग पैशांच्या अडचणीतून झाला. पण ब्रेक पूर्ण उखडायची गरज नाही, थोडा सैल केला तरी पुरतो, हेही त्यातून दिसले.

कुष्ठरोगात हेच अधिक जुन्या वहीत लिहिलेले आहे. जंतू एकच, अतिशय मंद वाढणारा, स्वतः फारसा विषारी नसलेला. एखाद्या माणसाचे शरीर त्याला जवळजवळ हरकतच घेत नाही, तेव्हा तो कातडीभर पसरतो. दुसऱ्याचे शरीर कडाडून विरोध करते, तेव्हा जंतू सापडतही नाहीत पण नसा झिजतात, बोटे वाकडी होतात. औषध सुरू केल्यावर काही रुग्णांच्या नसा अचानक सुजून दुखू लागतात, त्याला या क्षेत्रातले लोक 'रिअ‍ॅक्शन' म्हणतात, आणि तेव्हा स्टेरॉइड देऊन शरीराचा हात आवरावा लागतो. ज्या हातापायांची घृणा करून माणसांना गावाबाहेर घालवले गेले, ते बऱ्याच अंशी त्या माणसांच्या 'चांगल्या प्रतिकारशक्ती'ने वाकवलेले होते. वरोऱ्याजवळ आनंदवनात गेलेल्या कितीजणांना हे माहीत असेल?

आणि कोरोना. २०२०च्या जूनमध्ये, घरोघरी काढे उकळत होते तेव्हा, ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला. डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने घटले. या साथीत ज्याने मृत्यू कमी केल्याचे पहिल्यांदा पक्के सिद्ध झाले, ते औषध प्रतिकारशक्ती दाबणारे होते. पुढच्या उन्हाळ्यात त्याचीच दुसरी बाजू महाराष्ट्राने भोगली. मधुमेह असलेल्यांना, गरज नसताना किंवा फार दिवस स्टेरॉइडे दिली गेली, आणि काळी बुरशी लोकांचे डोळे, जबडे घेऊन गेली. एकाच औषधाने वाचवलेही आणि बुडवलेही, किती आणि केव्हा याच्या फरकाने. अशा वेळी 'वाढवा' आणि 'कमी करा' या दोन क्रियापदांनी काय सांगता येणार?

नोबेलची बातमी आली ती ६ ऑक्टोबर २०२५ला, आपल्याकडे दुपारी तीनच्या सुमारास. मी आत्याकडेच होतो. तिला वाचून दाखवली. उंदरांची अंडाशये, तिसरा दिवस, घोड्यांचे पैसे, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मुद्द्याचे विचारले, "म्हणजे या माणसाने माझ्यासाठी काही औषध काढलंय का?"

अजून नाही, म्हटले. या पेशी बाहेर वाढवून परत देण्याच्या चाचण्या चालू आहेत.

"बरं," ती म्हणाली. उठली, कपाटातून डबा काढला. सोमवार होता. पट्टीतली पिवळी गोळी तिने अंगठ्याने दाबून हातावर घेतली, आणि माठाकडे जाता जाता विचारले, "तू पण चहा घेणार ना?"